विश्लेषण : कारकून ते ‘हुकूमतपनाह’! बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य इतक्या वर चढले कसे?

राजा शेकडो मैल दूर, राजधानी शत्रूच्या हाती आणि खजिना रिकामा. अशा वेळी जवळपास नऊ वर्षे मराठी राज्याचा गाडा हाकणाऱ्या माणसाची सुरुवात हिशेबाच्या वह्यांपासून झाली होती.

कोल्हापूरहून पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटर गेले की गगनबावडा येतो. इथून कोकणात उतरायला दोन वाटा आहेत, एक करूळ घाटाची आणि दुसरी भुईबावडा घाटाची. पावसाळ्यात धुके पाहायला येणारे आणि गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या मठात जाणारे यांची इथे वर्दळ असते. कोल्हापूर संस्थानात या बावड्याची जहागीर पंत अमात्य घराण्याकडे होती. हे घराणे नावारूपाला आले ते रामचंद्र निळकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य यांच्यामुळे. ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण ग्रंथ लिहिण्याआधीची त्यांची चार दशकांहून अधिक काळाची नोकरी फारशी सांगितली जात नाही. खालच्या पायरीवरून वर चढत एखाद्या मोठ्या संस्थेचा कारभार हाती घेणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्राच्या इतिहासातले ते एक ठळक उदाहरण आहे. त्यात यश आहे आणि एक न सुटलेला पेचही आहे.

सुरुवात खरोखर तळापासून होती का?

पूर्णपणे नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. रामचंद्रपंतांचा जन्म साधारण १६५० चा. घराणे कल्याण-भिवंडी परिसरातले. वडील निळो सोनदेव यांनी स्थानिक पातळीवरच्या कुलकर्णीपणाच्या, म्हणजे वसुली आणि लिखापढीच्या कामातून वर येत शिवाजी महाराजांचे मुजुमदारपद मिळवले होते. तळापासूनची खरी मोठी झेप वडिलांच्या पिढीत झाली होती.

मुलाला त्याचा फायदा मिळाला, तरी मंत्र्याचा मुलगा म्हणून थेट मंत्रिपद मिळाले नाही. वडील हयात असेपर्यंत रामचंद्रपंत राज्याच्या दफ्तरात कारकुनी कामे करत होते. जमाखर्च उतरवून घेणे, वसुलीचे आकडे ताडून पाहणे, कागद तयार करणे असे दफ्तरी काम. १६७२ मध्ये वडील गेले, तेव्हा मुजुमदारीची जबाबदारी नारो निळकंठ आणि रामचंद्र निळकंठ या दोघा भावांकडे आली. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या वेळच्या अष्टप्रधानांच्या यादीत अमात्य म्हणून या दोन्ही भावांची नावे येतात. रामचंद्रपंत तेव्हा चोविशीच्या आसपास होते आणि प्रधानांमध्ये वयाने सर्वांत लहान मानले जातात.

अमात्याचे काम नेमके काय?

राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामांना संस्कृत नावे देण्यात आली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि मुजुमदाराचा अमात्य. नाव बदलले, काम तेच राहिले. राज्याच्या सगळ्या जमाखर्चावर नजर ठेवायची, महालांचे हिशेब तपासायचे आणि कागदावर आपले निशाण करायचे. आजच्या भाषेत अर्थमंत्री आणि महालेखापाल ही दोन्ही कामे एकाच खुर्चीत. मोहिमेचा प्रसंग आला तर प्रधानाने घोड्यावरही बसायचे असे.

या पदाला वर्षाला १२ हजार होन वेतन होते, मुख्य प्रधानाला १५ हजार. होन म्हणजे सोन्याचे नाणे. इथे आकड्यापेक्षा वेतनाची पद्धत महत्त्वाची आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. शिवाजी महाराजांच्या राज्यात शक्यतो रोख पगार देण्याचे धोरण होते. चाकरी केली म्हणून गाव तोडून द्यायचे नाही आणि वसुली चाकराच्या हाती सोडायची नाही. जुन्या देशमुख-देशपांड्यांची वतने होती, पण त्यांच्या हक्कांना लगाम घातला होता. जमिनीचा पैसा आधी खजिन्यात यायचा आणि मग पगाराच्या रूपाने बाहेर जायचा. हा प्रवाह नीट वाहतो आहे की नाही, हे पाहणारा माणूस म्हणजे अमात्य.

हिशेबनिसाचा कारभारी होणे त्या काळात अगदीच नवलाचे नव्हते. अकबराचा तोरडमल लेखणीच्या किरकोळ चाकरीतूनच वर आला होता. रामचंद्रपंत तरुण होते त्याच काळात फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर हा कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता आणि दुसऱ्यांचे हिशेब सांभाळत मोठा झाला होता. ज्याला पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो हे कळते, त्याला राज्य कळते. मात्र या दोघांच्या डोक्यावर भक्कम सिंहासन होते. रामचंद्रपंतांच्या वाट्याला ते आले नाही.

१६८९ मध्ये काय घडले?

औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला होता. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये बुडाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले.

राजाराम महाराज रायगडाच्या वेढ्यातून आधीच निसटले होते. प्रतापगड, पन्हाळा असे करत ते आजच्या तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. राजा वाचला, पण महाराष्ट्रात राजा उरला नाही. मोगली फौजा गावोगाव फिरत होत्या. अनेक सरदार आणि देशमुख मोगलांकडे गेले होते किंवा जायच्या विचारात होते. औरंगजेबाचे आमंत्रण साधे होते. आमच्याकडे या, मनसब घ्या आणि तुमचे वतन कायम ठेवा.

या परिस्थितीत मागे राहून राज्य सांभाळायची जबाबदारी राजाराम महाराजांनी रामचंद्रपंतांवर टाकली. ते तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

‘हुकूमतपनाह’ म्हणजे काय?

हुकूमत म्हणजे सत्ता आणि पनाह म्हणजे आश्रय. सत्तेला आधार देणारा, असा या किताबाचा अर्थ. व्यवहारात त्याचा अर्थ असा होता की महाराष्ट्रातल्या कारभाराचे निर्णय रामचंद्रपंतांनी घ्यायचे आणि राजाने ते मान्य करायचे. जिंजीला विचारून उत्तर यायला आठवडे लागायचे, वाटेत शत्रू होता आणि पुढे जिंजीलाच वेढा पडला. त्यामुळे नेमणुका, बढत्या, किल्ल्यांची व्यवस्था, सरदारांशी वाटाघाटी या सगळ्यांचा अधिकार एका माणसाच्या हाती आला.

त्यांचे केंद्र होते विशाळगड. तो गगनबावड्याच्या वायव्येला, त्याच सह्याद्रीच्या कण्यावर आहे. घाटमाथ्याचा हा पट्टा निवडण्यामागे साधे शहाणपण होते. पाठीशी कोकण आणि समुद्र, समोर देशावर जाणाऱ्या वाटा आणि वर्षातले चार महिने असा पाऊस की मोठी फौज, तोफा आणि बैलगाड्या हलूच शकत नाहीत. गगनगडासारखे किल्ले या घाटवाटांवर पहारा ठेवत. या भागातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे १७०२ मध्ये औरंगजेबाने विशाळगड घेतला खरा, पण भर पावसात पन्हाळ्याकडे परतताना त्याच्या फौजेला थोडक्या अंतरासाठी महिन्याहून अधिक काळ लागला आणि माणसे, जनावरे, सामान यांची अपरिमित हानी झाली.

खजिना रिकामा, मग फौज कशी उभी राहिली?

रामचंद्रपंतांच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड परीक्षा ही होती, आणि हिशेबाच्या भाषेत पाहिले तरच ती नीट समजते.

फौजेला पगार लागतो. पगारासाठी महसूल लागतो. महसुलासाठी मुलूख ताब्यात लागतो आणि मुलूख ताब्यात ठेवायला फौज लागते. १६८९ मध्ये ही साखळी एकदम सगळीकडून तुटली होती. हाती होते ते काही किल्ले, काही निष्ठावान माणसे आणि राजाच्या नावाचा शिक्का.

पंतांनी आणि जिंजीच्या दरबाराने जो मार्ग घेतला तो असा. सरदाराने स्वतःच्या हिमतीवर पथक उभे करावे, मोगलांच्या ताब्यातल्या मुलखात शिरावे, तिथून खंडणी आणि चौथाई वसूल करावी आणि आपला खर्च भागवावा. जिंकलेल्या मुलखातला ठरलेला भाग त्याला सरंजाम म्हणून मिळेल. म्हणजे खजिन्यातून दमडी न देता फौज उभी. कित्येकदा तर सरंजामाची सनद अशा मुलखाची असे जो अजून शत्रूच्याच ताब्यात आहे. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या आश्वासनात टप्पे ठरले होते. रायगड घेतल्यावर इतके, विजापूर घेतल्यावर इतके, असे करत शेवटचा हप्ता दिल्ली जिंकल्यावर. राज्याचे तख्त जिंजीला वेढ्यात अडकलेले असताना दिल्लीचा हप्ता! याला भाबडेपणा म्हणावे की धाडस, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न. पण सरदार यामुळे परत आले हे खरे.

आजच्या तरुण कंपन्यांमध्ये पगाराला पैसे नसले की कर्मचाऱ्यांना शेअर दिले जातात. तत्त्व तेच. उद्या कंपनी मोठी झाली तर तुमचा वाटाही मोठा. फरक एवढाच की शेअरला स्वतःचे घोडदळ नसते. सरंजाम मिळालेला सरदार स्वतःच्या मुलखात स्वतःच्या फौजेसह बसतो. त्याचे पोट खजिन्यावर अवलंबून राहत नाही, आणि मग त्याची निष्ठाही तितकी अवलंबून राहत नाही.

तरुणपणापासून रोख पगाराची पद्धत राबवणाऱ्या आणि तपासणाऱ्या अमात्याला हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. पर्याय मात्र नव्हता. औरंगजेब वतन देऊ करत असताना मराठी राज्याने फक्त कर्तव्याची आठवण करून दिली असती, तर ऐकायला फारसे कुणी उरले नसते. म्हणून पंतांनी वतने दिली, जुनी वतने परत केली, सनदा काढल्या. त्यातून लढाई तगली. मोगलांची प्रचंड फौज वर्षानुवर्षे एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्याकडे फिरत राहिली, तिची रसद कापली जात राहिली आणि जिंकलेले किल्ले पावसाळ्यात पुन्हा हातातून निसटत राहिले.

माणसे कशी निवडली?

वर गेलेल्या माणसाची पारख तो कुणाला वर आणतो यावरून होते, असे मानले तर पंतांचा हिशेब बहुतांशी जमेचा आहे. शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक हे त्यांच्या हाताखाली पुढे आलेले दोन मोठे कारभारी. दोघेही लेखणीच्या घरातले आणि दोघांनीही वेळ आली तेव्हा तलवार हाती घेतली. परशुराम त्रिंबक यांनी मोगलांकडून पन्हाळा परत मिळवला. पुढे ते प्रतिनिधी झाले आणि शंकराजी सचिव झाले. भोर संस्थान शंकराजींच्या वंशजांचे, विशाळगड आणि औंध परशुरामपंतांच्या.

रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ही जोडी होती. लढाई ते करत, पण त्यांच्यामागे किल्ले सज्ज ठेवणे, बातम्या पोहोचवणे, दाणागोटा आणि दारूगोळा पुरवणे हे काम कारभाऱ्यांचे होते. या जोडीत मात्र फूट पडली. १६९६ मध्ये संताजींचे सेनापतिपद गेले आणि १६९७ मध्ये त्यांची हत्या झाली. राज्याचा सर्वांत धाक बसवणारा सेनानी आपसातल्या वैरातून गेला आणि ते वैर ना राजाला मिटवता आले, ना हुकूमतपनाहांना. पंतांच्या नऊ वर्षांच्या कारभारातली ही मोठी खोट म्हणावी लागेल.

१६९८ नंतर काय झाले?

जिंजी पडली, पण राजाराम महाराज सुखरूप महाराष्ट्रात परतले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून लढा पुढे चालवला, तेव्हा त्यांचे मुख्य आधार झाले परशुराम त्रिंबक आणि शंकराजी नारायण. ज्यांना पंतांनी घडवले, तेच आता त्यांच्या पुढे होते. गादीचा खरा वारस मोगलांच्या कैदेतला शाहू आहे, असा पंतांचा कल होता असे इतिहासकार सांगतात, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली असावी. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. दीर्घ नोकरीत असाही एक टप्पा येतो. पद कायम असते, मान असतो, पण निर्णय दुसऱ्या खोलीत होतात.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू सुटून आले. मराठी राज्य सातारा आणि कोल्हापूर असे दुभंगू लागले. शाहूंकडे जावे की ताराबाईंकडे राहावे, हा प्रश्न प्रत्येक घराण्यापुढे उभा राहिला. धनाजी जाधव शाहूंना मिळाले. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचा मुलगा संभाजी गादीवर आला आणि ताराबाई कैदेत गेल्या. या सत्तापालटाला पंतांचा पाठिंबा होता. आयुष्यभर गादीची सेवा केलेल्या माणसाच्या चरित्रातले हे पान अवघड आहे आणि ते झाकायचे कारण नाही.

‘आज्ञापत्रा’त अनुभव कसा उतरला?

नवा राजा जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याच्यासाठी १७१५ च्या अखेरीस आज्ञापत्र तयार झाले. ते राजाच्या नावाने काढलेले आहे, पण ते रामचंद्रपंतांचे मानले जाते. सुरुवातीला शिवाजी महाराजांपासूनचा इतिहास आहे. मग राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, वतनदार, दुर्ग आणि आरमार अशी प्रकरणे येतात.

वाचताना सतत जाणवते की हे दफ्तरात वाढलेल्या माणसाने लिहिले आहे. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा. गडावरच्या अधिकाऱ्यांच्या ठराविक वर्षांनी बदल्या करा. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नका, नाहीतर खर्च भागवण्यासाठी व्यापाऱ्यांचा छळ होईल आणि बंदर ओस पडेल. आरमाराला लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नका, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडा. युरोपीय टोपीकरांना व्यापार करू द्या, पण किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नका, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. हे लिहिले गेले तेव्हा प्लासीची लढाई चार दशकांहून अधिक दूर होती.

आणि मग वतनदारांचे प्रकरण. वतनदार हे नावाला लहान, पण खरे तर आपापल्या जागी छोटे राजेच असतात, असे पंत बजावतात. ते असलेले टिकवतात, नवे मिळवायला पाहतात, शेजाऱ्याशी भांडतात आणि परचक्र आले की सर्वांत आधी शत्रूशी बोलणी करतात. म्हणून त्यांचे आहे ते विनाकारण काढू नका, पण वाढवूही नका. माया आणि धाक दोन्ही ठेवा. चाकराने चांगली सेवा केली तर बक्षीस द्या, पण जमीन तोडून देऊ नका. आज एका सेवेसाठी दिलेली जमीन पुढच्या पिढ्यांत कुठलीही सेवा न घेता जात राहते आणि राज्य तेवढे लहान होते.

ज्या सनदांवर १६९० च्या दशकात लढाई उभी राहिली, त्याच पद्धतीविरुद्धचा हा इशारा. यावर दोन मते होऊ शकतात. एक, पंत दुटप्पी होते. दुसरे, जे करावे लागले त्याची किंमत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. दुसरे मत अधिक पटते. संकटात घेतलेला निर्णय संकट संपल्यावर मागे घेता येत नाही, हे त्यांनी स्वतःच्या दफ्तरात पाहिले होते. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची पुढच्या शतकातली अर्धस्वतंत्र सरदारकी पाहायला ते नव्हते. पण ती कुठल्या रस्त्याने आली, ते त्यांच्या प्रकरणात दिसते.

बावड्याचे पुढे काय झाले?

रामचंद्रपंतांचा मृत्यू १७१६ च्या सुमारास झाला. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे. किल्ला पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे थांबतात.

अमात्यपद घराण्यात वंशपरंपरेने राहिले. विशाळगडचे प्रतिनिधी, कागलचे घाटगे आणि इचलकरंजीचे घोरपडे यांच्याप्रमाणेच बावड्याचे पंत अमात्य हे कोल्हापूर संस्थानचे मोठे जहागीरदार गणले जात. हिशेब तपासण्याचे मूळ काम केव्हाच इतिहासजमा झाले होते. पदवी आणि जमीन तेवढी चालू राहिली. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोपर्यंत बावड्याची जहागीर अमात्यांच्याच नावावर होती.